दातांचा एक्स-रे: स्पष्टता किती हवी आणि मात्रा किती द्यावी

दातांच्या एक्स-रे यंत्राजवळ प्रथमच काम करू लागणाऱ्या दंतवैद्याला किंवा तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी दोन सूचना मिळतात. प्रतिमा स्वच्छ आली पाहिजे आणि रुग्णाला किरणांची मात्रा कमीत कमी बसली पाहिजे. दोन्ही सूचना रास्त आहेत, परंतु त्यांची सांगड कशी घालायची हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही, आणि मग यंत्र बसवताना जी सेटिंग्ज लावली गेली तीच वर्षानुवर्षे चालू राहतात. मात्रा कमी करण्याचे काही उपाय असे आहेत की त्यांत प्रतिमेचे काहीही नुकसान होत नाही, उलट ती सुधारते. इतर उपायांत मात्र प्रत्येक कपातीबरोबर प्रतिमेतले काहीतरी गमवावे लागते. नवखा माणूस बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या घासाघिशीला आधी हात घालतो आणि पहिल्या प्रकारची फुकटची बचत तशीच पडून राहते. म्हणून येथील पायऱ्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

प्रथम आकड्यांचा अंदाज घ्यावा. माणसाला निसर्गातून मिळणारी किरणोत्साराची मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसीव्हर्ट (मायक्रोसीव्हर्ट हा मिलिसीव्हर्टचा हजारावा भाग) असते. तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या एका पेरिअपायकल (मुळाच्या टोकापर्यंत पूर्ण दात दाखवणाऱ्या) किंवा बाइटविंग (वरच्या-खालच्या दातांचे माथे एकत्र दाखवणाऱ्या) एक्स-रेची परिणामी मात्रा, म्हणजे संपूर्ण शरीराच्या जोखमीच्या हिशेबात मोजलेली मात्रा, काही मोजक्या मायक्रोसीव्हर्टची असते, ओपीजीची (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या रुंद एक्स-रेची) साधारण ३ ते २४ मायक्रोसीव्हर्टच्या दरम्यान असते, तर सीबीसीटीची (डोक्याभोवती फिरून त्रिमितीय प्रतिमा देणाऱ्या स्कॅनची) मात्रा यंत्र, क्षेत्र आणि सेटिंग यांनुसार दहा मायक्रोसीव्हर्टपासून हजारापर्यंत कुठेही असू शकते. या शेवटच्या आकड्यातील शंभरपटीची तफावत लक्षात ठेवावी, कारण त्यातला मोठा भाग यंत्र चालवणाऱ्याच्या निवडीवर अवलंबून असतो.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणे

यंत्राला हात लावण्यापूर्वी कागदावर एका वाक्यात प्रश्न लिहावा. ‘खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या मुळाशी गाठ आहे का’ हा प्रश्न झाला. ‘एकदा सगळे बघून घेऊ’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न नेमका असला की किती स्पष्टता लागेल याचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते. दोन दातांच्या मधल्या फटीतली सुरुवातीची कीड पाहायची असेल तर बारीक तपशील हवा आणि त्यासाठी बाइटविंगच योग्य. तेथे सीबीसीटी मागवणे म्हणजे जास्त मात्रा देऊन कमी तपशील विकत घेणे होय. अक्कलदाढेच्या मुळांचा नसेच्या नळीशी काय संबंध आहे, किंवा आत अडकलेला सुळा शेजारच्या मुळाच्या पुढे आहे की मागे, हे प्रश्न मात्र खोलीचे आहेत. त्यांना त्रिमिती लागते, पण अतिसूक्ष्म तपशील लागत नाही. मुळातली उभी चीर किंवा न सापडलेली चौथी नळी शोधायची असेल तर दोन्ही लागतात, आणि अशा वेळी जास्त मात्रा देणे समर्थनीय ठरते.

याच पायरीवर जुना एक्स-रे उपलब्ध आहे का हे विचारावे. काढावाच न लागलेला एक्स-रे ही सर्वांत मोठी बचत आहे. केवळ सहा महिने झाले म्हणून सर्वांचे बाइटविंग काढण्याच्या सवयीला आधार नाही. किडीचा धोका कमी असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेतील दंतवैद्यक संघटनेच्या २०१२ च्या शिफारशीत २४ ते ३६ महिन्यांचे अंतर सुचवलेले आहे. शिवाय दातातील खनिजाचा साधारण ३० ते ४० टक्के ऱ्हास झाल्याशिवाय कीड एक्स-रेवर दिसत नाही असे मानले जाते, त्यामुळे वारंवार पाहिल्याने ती लवकर सापडतेच असेही नाही.

दुसरी पायरी: ‘स्पष्टता’ या शब्दाची फोड करणे

सेन्सरच्या माहितीपत्रकात रिझोल्यूशन ‘एका मिलिमीटरमध्ये इतक्या रेषाजोड्या’ (एक काळी आणि एक पांढरी रेष मिळून एक जोडी) अशा शब्दांत दिलेले असते. पिक्सेल २० मायक्रॉनचा असेल तर गणिताने एका मिलिमीटरमध्ये २५ रेषाजोड्या वेगळ्या दिसायला हव्यात. प्रत्यक्षात तेवढ्या दिसत नाहीत. सेन्सरमध्ये किरणांचे प्रकाशात रूपांतर करणारा थर असतो. तो जाड केला की जास्त किरण पकडले जातात आणि कमी मात्रेत भागते, परंतु जाड थरात प्रकाश आडवा पसरतो आणि कडा मऊ होतात. सिझियम आयोडाइडचे सुईसारखे उभे स्फटिक वापरून हा पसारा आवरला जातो, पण तो पूर्ण थांबत नाही. म्हणजे स्पष्टता आणि मात्रा यांतला सौदा आपण बटण दाबण्याच्या कितीतरी आधी, सेन्सरच्या आतच सुरू झालेला असतो. नुसत्या डोळ्याला एका मिलिमीटरमध्ये सहा ते आठ रेषाजोड्यांपलीकडचे फारसे दिसत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. त्यापुढचा तपशील प्रतिमा मोठी करून पाहिली तरच उपयोगी पडतो.

स्पष्टतेचा दुसरा घटक म्हणजे प्रतिमेतला दाणेदारपणा, ज्याला रोजच्या बोलण्यात आपण नॉइज म्हणतो. एका पिक्सेलवर जितके किरणकण पडतात त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात प्रतिमा स्थिर होते. यातून एक कडक हिशेब निघतो: दाणेदारपणा निम्मा करायचा असेल तर मात्रा चौपट करावी लागते. आणि पिक्सेलची बाजू निम्मी केली तर त्याचे क्षेत्रफळ पाव होते, त्यावर पाव कण पडतात, आणि त्याच मात्रेत दाणेदारपणा दुप्पट होतो. पीएसपी प्लेट (प्रतिमा साठवून नंतर स्कॅनरमध्ये वाचली जाणारी प्लेट) वापरणाऱ्यांनी हे विशेष समजून घ्यावे. स्कॅनरवर बारीक रिझोल्यूशन निवडल्याने रुग्णाला एक कणही जास्त बसत नाही, परंतु प्रतिमा दाणेदार दिसू लागते, म्हणून पुढच्या वेळी टायमर वाढवला जातो, आणि स्कॅनरवरच्या त्या एका क्लिकची किंमत शेवटी रुग्णच भरतो.

तिसरी पायरी: फुकटची बचत

या पायरीवर जितके लक्ष दिले जाते त्यापेक्षा पुष्कळ जास्त देण्याची गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक यंत्रांवर गोल तोंडाचा कोन (किरणांचा झोत रुग्णाकडे नेणारी नळी) असतो आणि त्यातून सुमारे ६ सेंटिमीटर व्यासाचा झोत बाहेर पडतो. त्याचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर भरते. त्या झोतासमोर जो सेन्सर असतो त्याला ३ गुणिले ४ सेंटिमीटरचा, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटरचा आयताकृती झोत पुरतो. उरलेले १६ चौरस सेंटिमीटर किरण गालातून, जिभेतून आणि लाळग्रंथींतून जातात व कोणत्याही प्रतिमेत उमटत नाहीत. एवढेच नाही, ते ऊतींवर आदळून विखुरतात आणि त्यांतले काही सेन्सरवर येऊन प्रतिमा धुरकट करतात. आयताकृती कोलिमेटर (झोत आवळणारी चौकट) लावल्याने मात्राही घटते आणि प्रतिमेचा उठावही वाढतो.

यातला फरक किती पडतो हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत चांगले दिसले होते. संपूर्ण तोंडाचे १८ एक्स-रे जुन्या डी-स्पीड (संथ, म्हणून जास्त मात्रा मागणाऱ्या) फिल्मवर गोल कोनाने काढले तर परिणामी मात्रा सुमारे ३८८ मायक्रोसीव्हर्ट, एफ-स्पीड (जलद) फिल्म किंवा पीएसपी प्लेटवर गोल कोनानेच काढले तर सुमारे १७१, आणि त्याच प्लेटवर आयताकृती झोताने काढले तर सुमारे ३५. आजही फिल्मच वापरणाऱ्यांनी डी-स्पीड सोडून एफ-स्पीडवर यावे. त्यात निदानाचे नुकसान होत नाही.

आयताकृती झोताविषयीची तक्रार अशी की त्यात प्रतिमेची कड कापली जाते आणि पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ कोलिमेटरमध्ये नसून धरण्याच्या पद्धतीत आहे. रुग्णाला बोटाने सेन्सर धरायला लावून अंदाजाने कोन लावला तर कड कापली जाणारच. रिंग असलेला होल्डर वापरला आणि कोनाचे तोंड रिंगला नीट टेकवले तर हा प्रश्न क्वचितच उरतो. पहिले पंधरा दिवस हात अडखळतो, नंतर सवय होते. होल्डरमुळे सेन्सर दाताला समांतर राहतो, म्हणून मुळांची लांबीही खरी येते.

अंतराचेही असेच आहे. यंत्रात किरण जेथून निघतात तो केंद्रबिंदू खरोखर बिंदू नसतो. त्याचा आकार साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर असतो, आणि म्हणून प्रत्येक कडेभोवती एक पुसट पट्टी पडते. केंद्र ०.७ मिलिमीटरचे, दातापासून सेन्सर १५ मिलिमीटरवर आणि केंद्रापासून दात २० सेंटिमीटरवर असेल, तर ही पट्टी सुमारे ०.०५ मिलिमीटर रुंद होते. म्हणजे २० मायक्रॉनचे अडीच पिक्सेल तेथेच वाया गेले. तेच अंतर ४० सेंटिमीटर केले की पट्टी निम्मी होते. लांब कोनासाठी टायमर वाढवावा लागतो हे खरे, परंतु झोत कमी पसरत असल्याने किरणांखाली येणारा ऊतींचा भाग कमी होतो. महागडा सेन्सर घेऊन त्यापुढे आखूड कोन ठेवण्यात काही अर्थ नाही.

राहिले रिटेक. हुकलेला एक एक्स-रे मात्रा दुप्पट करतो. टायमरच्या कोणत्याही कपातीने ही भरपाई होत नाही. चष्मा, कानातले आणि काढता येणारी कवळी बाजूला ठेवणे, डोके टेकवणे, आणि बटण दाबण्याआधी एक सेकंद थांबून कोनाची दिशा पुन्हा पाहणे, एवढ्याने बरेच साधते.

चौथी पायरी: आपल्या यंत्राची किमान मात्रा शोधणे

आता खरी घासाघीस सुरू होते. यंत्राच्या पुस्तिकेतले आकडे ही केवळ सुरुवात असते, कारण तोच सेन्सर वेगळ्या यंत्रापुढे वेगळा वागतो. म्हणून स्वतःच चाचणी करावी. निर्जंतुक केलेली एक काढलेली दाढ घ्यावी, तिच्या मुळाच्या नळीत १० नंबरची के-फाइल (नळी साफ करण्याची बारीक सुई) मुळाच्या टोकापर्यंत घालावी आणि दाढ प्लास्टरमध्ये बसवावी. गालाच्या मऊ ऊतींची जागा भरून काढण्यासाठी पुढे दीड सेंटिमीटर जाडीचा मेणाचा ठोकळा ठेवावा. केव्ही (ट्यूबचा किलोव्होल्टमधला दाब) ६० ते ७० च्या दरम्यान आपण नेहमी वापरतो तितके ठेवून टायमर ०.२०, ०.१६, ०.१२५, ०.१०, ०.०८, ०.०६३ आणि ०.०५ सेकंद असा उतरत न्यावा आणि प्रत्येक वेळी एक प्रतिमा घ्यावी. प्रत्येक टप्प्याला मात्रा साधारण पाचव्या हिश्शाने घटते.

दहा नंबरच्या फाइलचे टोक ०.१ मिलिमीटर जाडीचे असते आणि तेच या चाचणीचे माप आहे. प्रतिमांवरचे आकडे झाकून त्या दोन सहकाऱ्यांना वेगवेगळ्या क्रमाने दाखवाव्यात आणि दोनच प्रश्न विचारावेत: फाइलचे टोक नेमके कोठे संपते, आणि मुळाची कड सलग दिसते का. बहुधा असे आढळते की वरच्या तीन-चार प्रतिमांत कोणालाही फरक सांगता येत नाही, मग एका प्रतिमेत टोक चाचपडावे लागते, आणि त्यानंतर ते हरवते. ज्या प्रतिमेत उत्तर शेवटचे ठामपणे देता आले त्याच्या एक टप्पा वरचे सेटिंग आपल्या खालच्या दाढांसाठी पक्के करावे. वरच्या दाढांच्या भागात हाड व ऊती जास्त असल्याने एखादा टप्पा वाढवावा आणि पुढच्या दातांसाठी एखादा कमी करावा. हे सर्व आकडे कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावेत. आठवणीवर सोडलेला टायमर नेहमी वरच्याच दिशेने सरकतो.

तो का सरकतो हेही समजून घ्यायला हवे. फिल्मच्या काळात जास्त मात्रा दिली की फिल्म काळी पडे आणि चूक तत्काळ उघड होई. डिजिटल प्रतिमेत सॉफ्टवेअर उजेड आपोआप जुळवून घेते, त्यामुळे गरजेच्या दुप्पट मात्रा दिलेली प्रतिमाही छान दिसते, किंबहुना दाणे कमी असल्याने थोडी अधिकच छान दिसते. कमी मात्रेबद्दल डॉक्टर तक्रार करतात, जास्त मात्रेबद्दल कोणीच करत नाही. थेट सेन्सरमध्ये एक खूण मात्र मिळते: मात्रा फार झाली की दोन दातांमधल्या हाडाचे पातळ टोक व दाताची मान काळ्या रंगात विरघळून जातात. तेथे हाड झिजले आहे असे निदान करण्यापूर्वी टायमर पाहावा. पीएसपी प्लेट ही खूणसुद्धा फार उशिरा दाखवते.

पाचवी पायरी: सीबीसीटी

सीबीसीटीमध्ये पहिला निर्णय क्षेत्राचा. एका दाताच्या प्रश्नासाठी ५ गुणिले ५ सेंटिमीटरचे क्षेत्र पुरत असताना दोन्ही जबडे घेऊ नयेत. क्षेत्र लहान केले की मात्रा कमी होते, विखुरलेले किरण कमी होतात आणि प्रतिमा सुधारते. ही पुन्हा फुकटची बचत आहे. शिवाय जे काही क्षेत्रात आले ते सर्व वाचण्याची जबाबदारी आपलीच असते.

दुसरा निर्णय व्हॉक्सेलचा, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतल्या सर्वांत लहान घनाच्या आकाराचा, आणि येथे गणित निर्दयी आहे. व्हॉक्सेल ०.४ वरून ०.२ मिलिमीटर केला तर त्याचे घनफळ आठव्या हिश्शावर येते. त्याच मात्रेत दाणेदारपणा सुमारे २.८ पट होतो, आणि तो पूर्वीइतकाच ठेवायचा तर मात्रा आठपट करावी लागते. यंत्रे प्रत्यक्षात आठपट वाढवत नाहीत, थोडी मात्रा वाढवून थोडा दाणेदारपणा पदरात घालतात. पण ‘हाय रिझोल्यूशन’ हे बटण फुकट नाही, एवढे यातून कळावे. इम्प्लांटसाठी हाडाची उंची-रुंदी मोजणे, अडकलेला दात शोधणे, नसेची नळी पाहणे यांसाठी ०.२ ते ०.४ मिलिमीटर पुरतात. ०.१ च्या आसपासचे व्हॉक्सेल मुळाच्या नळ्या आणि चिरा यांसाठी, तेही लहान क्षेत्रात, राखून ठेवावेत.

बारीक व्हॉक्सेलचा फायदा हाती लागू न देणारी दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे हालचाल. स्कॅन दहा ते चाळीस सेकंद चालतो. तेवढ्या वेळात रुग्ण गिळतो, श्वास घेतो, यंत्र कानाजवळून फिरू लागले की किंचित वळून पाहतो. पाव मिलिमीटर हालचाल झाली तर ०.१ चा व्हॉक्सेल केवळ कागदावर उरतो. हाय रिझोल्यूशनचा स्कॅन बहुधा लांब चालतो, म्हणून हलणाऱ्या रुग्णात तो साध्या स्कॅनपेक्षा वाईट येऊ शकतो. दुसरे कारण म्हणजे धातू. कॅप, इम्प्लांट आणि भरलेली रूट कॅनाल यांच्याभोवती येणारे काळे पट्टे कमी मात्रेमुळे येत नाहीत, त्यामुळे मात्रा वाढवून ते जात नाहीत. भरलेल्या मुळाशेजारी दिसलेली काळी रेघ चीर समजून दात काढण्याच्या निर्णयाला येण्याआधी हे आठवावे.

यंत्रात अर्ध्या फेरीचा, म्हणजे १८० अंशांचा पर्याय असेल तर तो वापरून पाहावा. मात्रा जवळपास निम्मी होते, वेळही कमी लागतो, आणि मोजमापाच्या कामांसाठी प्रतिमा सहसा पुरते.

मुलांसाठी

वाढत्या वयातील ऊती किरणांना अधिक संवेदनशील असतात. दहा वर्षांखालील मुलासाठी तीच मात्रा तिशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे तिप्पट जोखमीची धरली जाते. त्यामुळे यंत्रावरचे ‘चाइल्ड’ बटण दाबून थांबू नये. ते कोणते आकडे बदलते हे एकदा पाहून घ्यावे. काही यंत्रांत ते केवळ वेळ कमी करते आणि झोत मोठ्यांचाच राहतो. थायरॉइड ग्रंथी मुलांमध्ये झोताच्या अधिक जवळ असते, म्हणून खालच्या दातांसाठी आयताकृती झोत येथे सर्वाधिक मोलाचा ठरतो. शिशाच्या ॲप्रनविषयी २०२४ मध्ये त्याच अमेरिकी संघटनेने ॲप्रन व थायरॉइड कॉलरचा नित्य वापर थांबवावा अशी शिफारस केली, कारण झोत नीट आवळला की त्यांचा फारसा उपयोग उरत नाही आणि कधी ते प्रतिमेच्या आड येतात. तरीही आपल्या ठिकाणचा नियम वेगळा असेल तर तोच पाळायचा आहे.

सहावी पायरी: पाहणे आणि नोंद ठेवणे

कमी मात्रेत मिळालेला तपशील उजेड असलेल्या खोलीत, बोटांचे ठसे पडलेल्या पडद्यावर हरवतो आणि दोष मात्रेला दिला जातो. खोली मंद करावी, प्रतिमा मोठी करून पाहावी, आणि कडा धारदार करणारे फिल्टर जपून वापरावे. ते भरलेल्या दाताच्या कडेला एक काळी रेघ निर्माण करतात आणि ती हुबेहूब किडीसारखी दिसते. शंका आली की मूळ प्रतिमा उघडावी. साठवताना तपशील गाळून लहान (कॉम्प्रेस) केलेल्या फाइली निदानासाठी ठेवू नयेत.

नोंदवहीत प्रत्येक एक्स-रेपुढे केव्ही, वेळ आणि सीबीसीटी असल्यास क्षेत्र व व्हॉक्सेल लिहावेत, आणि रिटेक झाला तर त्याचे कारण एका शब्दात लिहावे: कड कापली, हलला, दिशा चुकली. महिन्याच्या शेवटी ही यादी वाचली की कोणती चूक कोणाच्या हातून होते ते दिसते. सोबत, ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांच्या पट्टीची एक प्रतिमा दर महिन्याला त्याच सेटिंगवर घ्यावी आणि यंत्र बसवल्या दिवशीच्या प्रतिमेशेजारी ठेवून पाहावी. पायऱ्या पूर्वीइतक्याच वेगळ्या दिसत असतील तर सेटिंगला हात लावू नये. दिसत नसतील तर टायमर वाढवण्याआधी प्लेटवरचे ओरखडे, सेन्सरची तार आणि यंत्राची ट्यूब तपासून घ्यावी.